आधी नकाशा, मग परवानगी : दिघाशी परिसरातली जमीन, जैवविविधता आणि ग्रामसभा

भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडी परिसरात दिघाशी हे गाव आहे. पूर्वेला तानसा अभयारण्य, पश्चिमेला तुंगारेश्वराचा डोंगर आणि त्याचं अभयारण्य, तर दक्षिणेकडून सरकत येणारी भिवंडीची गोदामं. भातखाचरं, वरकस माळ, ओढे, पाडे आणि झाडीचे तुकडे असलेला हा पट्टा ना पूर्ण जंगल आहे, ना पूर्ण शहर. अशा पट्ट्यात जमीन कशासाठी वापरायची हे कोण ठरवतं, आणि त्या निर्णयात तिथल्या माणसांना, झाडांना, प्राण्यांना जागा कितपत मिळते, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरण दिघाशीचं असलं तरी प्रश्न ठाणे-पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडचा आहे.

या प्रश्नावर बोलताना दोन टोकांची मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतं, जंगल वाचवायचं तर माणसाला बाहेर ठेवा. दुसरं म्हणतं, गावाचा विकास हवा तर पर्यावरणवाल्यांना बाहेर ठेवा. गेल्या पन्नास वर्षांचा महाराष्ट्राचा अनुभव पाहिला तर दोन्ही मतं खोटी ठरली आहेत. जिथे गावाला निर्णयाच्या आधी, पूर्ण माहिती देऊन आणि हक्काने सामील करून घेतलं, तिथे जमीनही टिकली आणि जीवसृष्टीही. जिथे सगळं ठरवून झाल्यावर गावाची सही घेतली, तिथे दोन्ही गेलं.

दोन अभयारण्यांच्या मधोमध

तानसा अभयारण्य १९७० साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे ३२० चौरस किलोमीटर. तुंगारेश्वर २००३ सालचं, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. जगातून नाहीसा झाला असं जवळजवळ शतकभर ज्याच्याबद्दल मानलं जात होतं तो रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये तो तानसाच्या जंगलातही नोंदवला गेला. मुंबईपासून दोन-अडीच तासांवर इतका दुर्मीळ पक्षी नांदतो, यावरून या जंगलाची किंमत कळावी.

पण अभयारण्याची हद्द कागदावर असते, प्राण्यांना ती ठाऊक नसते. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटाजवळ सोडलं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. हा आजोबा कसाऱ्याचं रेल्वे स्थानक ओलांडून, शेतं, वस्त्या आणि रस्ते पार करत, शेवटी वसईची खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. साधारण सव्वाशे किलोमीटरच्या या प्रवासात त्याने कुणाला इजा केल्याची नोंद नाही. सह्याद्रीच्या घाटापासून मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत वन्यप्राण्यांची वाट अजून जिवंत आहे, हे त्याने दाखवून दिलं. ही वाट सुरक्षित ठेवणं अभयारण्यांच्या हातात नाही. ती त्यांच्या मधल्या गावांच्या शेतांतून, ओढ्यांच्या काठांवरून आणि माळांवरून जाते.

इथल्या लोकांना बिबट्याचा शेजार नवा नाही. वारली आणि इतर आदिवासी समाज वाघोबाला पुजतात, वाघबारशीला नैवेद्य दाखवतात. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांतल्या दीडशेहून अधिक वाघोबांच्या ठाण्यांची नोंद करणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाघोबाला मान दिला की तो गावाची राखण करतो, या श्रद्धेमुळे माणूस आणि बिबट्या यांच्यात एक समजुतीचं नातं राहिलं, असा त्या अभ्यासाचा सूर आहे. संरक्षणाची एक व्यवस्था वनखातं येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे होती, हे विसरून चालणार नाही.

याच भागातून मुंबईचं पाणीही जातं. तानसाचं धरण १८९२ पासून शहराला पाणी देतंय, आणि भातसेवरच्या पिसे बंधाऱ्यातून उचललेलं पाणीही भिवंडी तालुक्यातूनच मुंबईकडे जातं. जंगल राखलं म्हणून धरणं भरतात. धरणं भरतात म्हणून शहर चालतं. त्या राखणीचा भार मात्र पाणलोटातल्या आणि त्याच्या आसपासच्या गावांवर पडतो.

जमिनीवर नेमकं काय चाललंय

भिवंडी ही आज देशातली एक मोठी गोदामनगरी आहे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, वडपे इथून सुरू झालेली पत्र्याच्या शेडांची रांग महामार्गाच्या कडेने पसरत गेली. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, राज्याराज्यांतली छोटी गोदामं एकत्र करणं कंपन्यांना परवडू लागलं, आणि या वाढीला आणखी वेग आला. समृद्धी महामार्ग तालुक्यातल्या आमणे इथे येऊन संपतो आणि २०२५ मध्ये तो पूर्ण लांबीने खुला झाला. मुंबई-वडोदरा महामार्ग आणि बुलेट ट्रेन यांच्या मार्गिकाही याच तालुक्यातून जातात. रस्ता आला की त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीचे भाव चढतात, आणि भाव चढले की खाचरांत भराव पडायला लागतो.

त्याशिवाय दगडखाणी आणि वीटभट्ट्या आहेतच. वीटभट्टीला लागते ती खाचराच्या वरच्या थराची, वर्षानुवर्षं कसदार झालेली माती. एकदा ती उचलली की ते शेत पुढची कित्येक वर्षं पूर्वीसारखं पिकत नाही.

तरीही शेतकऱ्याला दोषी धरून मोकळं होणं अन्यायाचं आहे. पावसाळी भाताचं एकच पीक, लावणीला माणूस मिळत नाही, मजुरी वाढत जाते आणि भाताचा भाव हाती काही उरू देत नाही. घरात आजारपण, लग्न, मुलांचं शिक्षण. अशा वेळी दलालाने पुढे केलेली रक्कम किंवा गोदामाचं दरमहा भाडं नाकारणं सोपं नाही. जमीन विकणाऱ्याचा निर्णय त्याच्या पातळीवर बहुतेक वेळा शहाणपणाचाच असतो. अडचण अशी की शंभर घरांनी वेगवेगळे घेतलेले शंभर शहाणे निर्णय मिळून सगळ्या गावाचं नुकसान होतं, आणि ते नुकसान कुणाच्याच हिशेबात धरलेलं नसतं.

एक भराव जवळून पाहू. खाचरात चार-पाच फूट माती टाकली की आधी ओढ्याचा उतार बदलतो. पूर्वी पावसाचं पाणी खाचराखाचरांतून मुरत, थांबत खाली जायचं. आता ते भरावाला अडून शेजारच्या शेतात तुंबतं, किंवा रस्त्यावरून धावत सुटतं. उन्हाळ्यात त्याच ओढ्याखालच्या विहिरी लवकर आटतात. याच ओढ्यांतून दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसाच्या सुमारास मासे वर चढतात. त्याला इकडे वलगण म्हणतात. नदीतले मासे उथळ, गढूळ, गवताळ खाचरांत येऊन अंडी घालतात आणि पिल्लं वाढली की परत नदीत उतरतात. तेवढे दिवस पाड्यापाड्यांत मासळीच असते. वाटेत एका जागी भराव पडला, सिमेंटची अरुंद मोरी बसवली, की त्या वरच्या सगळ्या खाचरांतली वलगण बंद होते. त्या जमिनीच्या मालकाला याची खबरही नसते. बिगरशेतीच्या अर्जात ‘या जागेतून मासे चढतात का’ असा प्रश्नच नसतो.

सातबाऱ्यावर न दिसणारे वाटेकरी

जमिनीच्या निर्णयात कुणाला विचारायचं, असं म्हटलं की सरकारी यंत्रणेच्या डोळ्यांसमोर येतो तो खातेदार. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, तोच विचारण्याजोगा. पण या भागातल्या जमिनीचा खरा वापर सातबाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मे संपता संपता, वळवाच्या सरी पडल्या की बाया शेवळं काढायला निघतात. जमिनीतून वर आलेला तो जांभळट कोंब दोन-तीन आठवडेच मिळतो. त्याची खाज मारायला काकडं लागतात, म्हणून काकडाचं झाडही राखलेलं असतं. मग कुर्डू, टाकळा, भारंगी, लोत, करटोली अशी रांग लागते. या भाज्या घरात खाल्ल्या जातात आणि भिवंडी, कल्याण, ठाण्याच्या बाजारात वाटे लावून विकल्याही जातात. शेवळं उगवतात ती बहुधा माळावर, बांधाच्या कडेला, झुडपात, म्हणजे ज्या जमिनीला महसूल दप्तर पडीक म्हणतं आणि विकासक रिकामी म्हणतो, तिथेच. भाताच्या रोपांची जागा, म्हणजे राब, भाजायला ऐनासारख्या झाडांचं कवळ, म्हणजे पालेदार फांद्या, तोडतात तेही अशाच जागेतून. पडीक म्हणून नोंदवलेल्या जमिनीवर एका बाईच्या घरचा पावसाळा निघतो, आणि तिचं नाव त्या जमिनीच्या कुठल्याच कागदावर नसतं.

कातकऱ्यांची गोष्ट त्याहून कठीण आहे. केंद्राने विशेष दुर्बल ठरवलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. कातकरी कुटुंबं पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात, उचल घेतलेली असल्यामुळे हंगाम संपेपर्यंत परत येऊ शकत नाहीत. कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत, घराखालची जागाही स्वतःच्या नावावर नाही. रायगड आणि ठाणे भागात अशा वाड्यांवर येणारं विस्थापनाचं संकट आणि त्याविरुद्ध वाडीतल्या लोकांनीच केलेली नोंदणी आणि मांडणी यांवर डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी २०१३ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. वाडीतल्या माणसांनी स्वतः नकाशे काढले, घरं मोजली, कायदा समजून घेतला, तेव्हाच ते मालकांशी आणि तहसीलदारांशी बरोबरीने बोलू शकले, हा त्यातला धडा फार मोलाचा आहे. माहिती गोळा करण्याचं काम स्वतः केलं की माणसाला बैठकीत बोलण्याचं बळ येतं.

म्हणून सहभागाची यादी करताना खातेदाराबरोबर भूमिहीन, भाजी आणि मासे गोळा करणाऱ्या बाया, गुराखी, कातकरी, भट्टीवर गेलेली कुटुंबं आणि शहरात नोकरीला असलेली तरुण मुलं या सगळ्यांची नावं आधी लिहायला हवीत. गोदामाचा मालक, भट्टीवाला आणि खाणमालकही त्या यादीत हवेत. त्यांना टाळून केलेला आराखडा कागदावरच राहतो.

कायद्याने काय दिलंय

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर दिघाशी भाग्यवान आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रं ठरली. त्यात भिवंडी तालुक्यातली ७२ गावं आहेत आणि दिघाशी त्यांपैकी एक आहे. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम इथे लागू होतात.

पेसा काय देतो? भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावीच लागते. गौण खनिजाच्या परवान्यासाठी किंवा लिलावासाठी त्यांची पूर्वशिफारस बंधनकारक आहे, आणि दगडखाण व विटांची माती दोन्ही गौण खनिजातच येतात. लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन, गौण वनोपजाची मालकी, जमिनीचं हस्तांतर रोखण्याचा अधिकार, या गोष्टीही त्यात आहेत. आणखी एक तरतूद फार महत्त्वाची आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एखादा पाडा स्वतःला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेऊन स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. ग्रामपंचायतीच्या मोठ्या सभेत पाड्यावरच्या माणसाचा आवाज हरवतो, त्यावर हा नेमका उपाय आहे.

याशिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ देत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क आणि वन संसाधनाचं संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आवश्यक केली. तुंगारेश्वराभोवती २०१९ मध्ये पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. अशा क्षेत्राचा विभागीय आराखडा स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून बनवायचा असतो.

इतकं हाताशी असूनही गाडी अडते कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं, हे सगळे कायदे वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत आहेत. पेसा पंचायत विभागाकडे, वनहक्क आदिवासी विकासाकडे, नोंदवही जैवविविधता मंडळाकडे, बिगरशेती महसुलाकडे, आराखडा नगररचनेकडे. भिवंडीभोवतीच्या ६० गावांसाठी २००७ मध्ये एमएमआरडीए विशेष नियोजन प्राधिकरण झालं, ती आणखी एक यंत्रणा. गावाची जमीन एक, पण तिच्याबद्दलचे कागद सहा कार्यालयांत.

दुसरं, घाई. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जैवविविधता नोंदवह्या ३१ जानेवारी २०२० पर्यंत पूर्ण करा, नाहीतर दरमहा दंड भरा, असं बजावलं. हेतू चांगला होता. पण देशभर अनेक ठिकाणी काही महिन्यांत हजारो नोंदवह्या उभ्या राहिल्या, आणि शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवल्याच्या तक्रारी आल्या. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे सगळे ऋतू गावात फिरल्याशिवाय नोंदवही होत नाही. शेवळं मे-जूनमध्येच दिसतात, डिसेंबरात केलेल्या नोंदवहीत ती येणार कुठून?

तिसरं आणि सगळ्यांत मोठं, वेळ. नगररचनेत प्रारूप आराखडा आधी बनतो, मग राजपत्रात येतो, मग ठरावीक मुदतीत हरकती-सूचना मागवतात. तोपर्यंत रेषा पक्क्या झालेल्या असतात, जमिनीचे व्यवहार त्या रेषांच्या अंदाजाने झालेले असतात. अशा वेळी ग्रामसभेपुढे येतो तो प्रश्न नसतो, निकाल असतो.

महाराष्ट्राचा अनुभव

लोकांना वगळून केलेल्या संरक्षणाचं सगळ्यांत ठळक उदाहरण सोलापूर-नगरचं माळढोक अभयारण्य. १९७९ मध्ये तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं क्षेत्र जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, अख्खी शहरं आली. जमीन विकणं, विहीर खोदणं, रस्ता करणं, सगळ्याला अभयारण्याची आडकाठी. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत आणि माळावर माळढोक वावरत होता, त्याच शेतकऱ्याला तो पक्षी शत्रू वाटू लागला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर उशीर झाला होता. आज त्या माळावर माळढोक दिसणं अपूर्वाईचं झालं आहे.

१९९० पासून आलेल्या संयुक्त वन व्यवस्थापनात गावाला थोडा वाटा मिळाला. समित्या झाल्या, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली, काही ठिकाणी जंगल खरोखर वाढलं. पण समितीचा सचिव वनखात्याचा कर्मचारी, निधीची चावी त्याच्याकडे, आणि जंगलाची मालकी खात्याचीच. तळमळीचा अधिकारी असेपर्यंत काम चाललं, तो बदलून गेला की समिती कागदावर उरली, अशी कित्येक उदाहरणं सापडतात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने याच्या पुढची वाट दाखवली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतूक परवान्याचा हक्क त्यांनी मिळवला. त्या यशामागे वर्षानुवर्षं चाललेले अभ्यासगट होते आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त होती. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने उजाड टेकडीवरचा सामूहिक हक्क मिळवून झाडोरा पुन्हा वाढवला आणि तिथली सीताफळं एकत्रितपणे विकायला सुरुवात केली.

किनाऱ्यावर रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले. संरक्षणातून गावात चार पैसे येऊ लागले, आणि अंडी राखण्यात गावाचं स्वतःचं हित गुंतलं.

जमीनवापराच्या दृष्टीने सगळ्यांत बोलकं उदाहरण सिंधुदुर्गाचं आहे. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात मुद्दाम नोंदवलं आहे की जिल्ह्यातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी आपणहून पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येण्याची इच्छा व्यक्त केली होती. खाणींमुळे पाणी आणि बागायत जाईल हे त्यांना दिसत होतं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याचं प्रकरण पुढे न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो पट्टा संवेदनशील म्हणून जाहीर करण्याचे आदेश दिले. ‘स्थानिकांना संरक्षण नको असतं’ हे गृहीतक इथे कोसळतं. गावाला नको असतं ते वरून लादलेलं, कळत नसलेलं आणि फक्त ‘हे करू नका’ सांगणारं संरक्षण. गाडगीळांचा आग्रहही हाच होता की कुठे काय होऊ द्यायचं हे ग्रामसभांपासून ठरत यावं.

बाहेरच्या जगाचा अनुभव

जगभरच्या अभ्यासांचं म्हणणं याहून वेगळं नाही. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्येच लोकसहभागाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यांत खालच्या पायऱ्यांवर लोकांची नुसती समजूत घातली जाते, मधल्या पायऱ्यांवर त्यांना माहिती दिली जाते आणि मत विचारलं जातं, वरच्या पायऱ्यांवर ते खरोखर भागीदार होतात आणि निर्णय त्यांच्या हाती येतो. आपल्याकडच्या बहुतेक जनसुनावण्या मधल्या पायरीच्या वर चढत नाहीत.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक जंगलं, पाणी, मासेमारी यांच्यावरच्या कामासाठी. हद्द स्पष्ट असेल, नियम स्थानिकांनी स्वतः बनवलेले असतील, नियम मोडणाऱ्याला पायरीपायरीने वाढणारी शिक्षा असेल आणि सरकार त्या नियमांना मान देत असेल, तर लोक सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात, हे त्यांनी पुराव्यांनी दाखवलं. जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०१९ च्या जागतिक अहवालानेही नोंदवलं की आदिवासी आणि मूळ समाजांच्या ताब्यातल्या भूभागात निसर्गाचा ऱ्हास इतर ठिकाणांपेक्षा हळू होतो. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल करारात जगाने २०३० पर्यंत ३० टक्के भूभाग आणि समुद्र राखण्याचं ठरवलं, आणि त्याच करारात जमिनीचं नियोजन सहभागाने करण्याचं उद्दिष्ट पहिल्या क्रमांकावर आहे.

खरे आक्षेप

या वाटेवर अडचणी आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही.

पहिला आक्षेप असा की ग्रामसभा म्हणजे काही निर्मळ लोकशाही नव्हे. तिथेही दोन-चार घरांचा दबदबा असतो, बाया मागे बसतात, कातकरी येतच नाहीत, जमिनीचा दलाल कधी गावातलाच असतो. हे खरं आहे. पण त्याचं उत्तर ग्रामसभा टाळण्यात नाही. पाड्याची वेगळी ग्रामसभा, त्याआधी महिला सभा, भट्टीवरून लोक परतल्यानंतरचीच तारीख, आणि ठरावाचा मसुदा आठ दिवस आधी पाड्यावर वाचून दाखवणं, अशा साध्या शिस्तीत ते उत्तर आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा. माझी जमीन, मी काय करायचं ते गाव कोण सांगणार? त्यात तथ्य आहे, म्हणूनच राखणीचा मोबदला मिळायला हवा. एखाद्याने ओढ्याकाठचं खाचर, वलगणीची वाट किंवा झाडीचा पट्टा मोकळा ठेवला तर त्याचा फायदा सगळ्या गावाला आणि खालच्या शहरालाही होतो. मग त्याचं नुकसान एकट्याने का सोसावं? मुंबईच्या पाण्याच्या पट्टीतून पाणलोटातल्या आणि लगतच्या गावांसाठी कायमचा राखीव निधी का असू नये, हा प्रश्न या जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी आणि आमदारांनी एकत्र विचारायला हवा. जोडीला उत्पन्नाचे पर्यायही हवेत. शेजारच्या वाड्याच्या कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकण्याची घडी बसवली. मुंबईसारखी बाजारपेठ जवळ असताना रानभाजी, गावरान तांदूळ, गुळवेल यांना भाव मिळवून देणं अशक्य नाही.

तिसरा आक्षेप मोठ्या प्रकल्पांचा. महामार्ग, रेल्वे, वीजवाहिन्या यांच्यापुढे एका ग्रामसभेचं काय चालणार? पालघर जिल्ह्यात अनेक ग्रामसभांनी बुलेट ट्रेनविरुद्ध ठराव केले, तरी काम पुढे सरकलं, हे खरं. पण अशा प्रकल्पांतही वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग कुठे हवेत, मोरी किती रुंद हवी, भराव कुठे टाकायचा नाही, हे तिथल्या माणसाइतकं कुणाला ठाऊक नसतं. ती माहिती ठरावाच्या रूपात आधीच लिहिलेली असेल तर अभियंत्याला ती बाजूला सारणं कठीण जातं, आणि न्यायालयातही ती उभी राहते.

दिघाशीत काय करता येईल

इतक्या आढाव्यानंतर एका गावाने सुरुवात कुठून करावी, हे सांगितलं नाही तर लेख अपुरा राहील.

पहिली पायरी गावाचा स्वतःचा नकाशा. गट नंबरांच्या सरकारी नकाशावर गावातल्या जाणत्या बाया, गुराखी आणि शाळेतली मोठी मुलं यांनी ओढे, झरे, वलगणीच्या वाटा, शेवळांच्या जागा, वाघोबाचं ठाणं, गुरांच्या वाटा, बिबट्या दिसलेल्या जागा आणि कवळाची झाडं नोंदवायची. हे काम सगळ्या ऋतूंत चालवायचं. हीच खरी जैवविविधता नोंदवही.

दुसरी पायरी त्या नकाशावरून जमिनीचे तीन भाग करण्याची: जिथे भराव आणि खोदाई अजिबात नको, जिथे अटी घालून चालेल, आणि जिथे बांधकामाला हरकत नाही. तिसरा भाग ठेवणं गरजेचं आहे. गावालाही घरं, शाळा, दवाखाना, उद्योग हवेच आहेत, आणि सगळ्याला नाही म्हणणाऱ्या नकाशाला कुणी मानत नाही.

तिसरी पायरी ठरावाची. हा नकाशा पेसा ग्रामसभेत, शक्यतो प्रत्येक पाड्याच्या ग्रामसभेत, मंजूर करून तहसीलदार, वनपरिक्षेत्र अधिकारी, नगररचना कार्यालय आणि जैवविविधता मंडळ यांच्याकडे एकाच वेळी पाठवायचा. गौण खनिजाची शिफारस, आदिवासी जमिनीचं हस्तांतर, बिगरशेतीवरचं मत, असं जे जे ग्रामसभेसमोर येईल, त्यावरचा निर्णय या नकाशाला धरूनच द्यायचा.

चौथी पायरी एका गावाच्या पलीकडची. बिबट्याची वाट किंवा ओढा एका ग्रामपंचायतीत संपत नाही. अंबाडी, दिघाशी, नेवाडे, गणेशपुरी, वज्रेश्वरी या पट्ट्यातल्या गावांनी आपापले नकाशे जोडले तर तानसा ते तुंगारेश्वर असा पट्टा गावांच्याच सहीने उभा राहू शकतो. वनखात्याने, विद्यापीठांनी आणि संस्थांनी तिथे तांत्रिक मदत करावी, पेन मात्र गावाच्या हातात असावा.

तालुका प्रशासनाकडून यासाठी एकच गोष्ट हवी आहे: या पट्ट्यात बिगरशेती, खाण आणि भराव यांचा कुठलाही अर्ज मंजूर करण्यापूर्वी ग्रामसभेचा नकाशा मागवण्याची सक्ती. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पेसा, वनहक्क आणि जैवविविधता या तीन कायद्यांना एकत्र धरून काढलेलं एक परिपत्रक पुरेसं आहे. आणि गावाकडून हवी आहे ती पहिल्या पानाची तयारी. येत्या १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘गावाचा जमीन व जैवविविधता नकाशा’ हा विषय घालण्याचा अर्ज कुणीही मतदार देऊ शकतो. पाऊस संपेपर्यंत ओढे आणि भाज्या नोंदवता येतील, भट्ट्या सुरू होण्याआधी कातकरी कुटुंबांना बोलावता येईल. परवानगीची फाईल तालुक्याला पोचेल तेव्हा गावाचा नकाशा आधीच टेबलावर असला, तर दिघाशीला तिच्याबद्दल घेतलेला निर्णय ऐकावा लागणार नाही, तो तिला स्वतः घेता येईल.